कुत्र्यांसोबत रात्रीची बॉबकॅट शिकार: ओरेगॉनमध्ये पहिल्यांदा जाताय तर

बॉबकॅट म्हणजे इथल्या रानबोक्याच्या या शिकारीत माणसाला कामं दोनच. कुत्र्यांना योग्य जागी गाडीतून उतरवायचं, आणि मग ती काय सांगतायत ते कान देऊन ऐकायचं. बंदुकीची वेळ आलीच तर ती अगदी शेवटी, मिनिटभरासाठी, आणि बहुतेक रात्री ती येतच नाही. त्यामुळे नव्या माणसाला माझा पहिला सल्ला हा की पहिला हंगाम बंदुकीशिवाय जा. नुसते कान घेऊन जा.

लेख पश्चिम ओरेगॉनबद्दल आहे, म्हणजे पोर्टलंड आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधल्या कोस्ट रेंजच्या डोंगरांबद्दल. हिल्सबरो-बीव्हरटन भागात चिप कंपन्यांमुळे मराठी घरं बरीच आहेत. तिथून हायवे ६ धरला की तासाभराच्या आत टिलामूक स्टेट फॉरेस्टमध्ये पोचता. शेजारच्या राज्यांत हे जमत नाही. वॉशिंग्टनमध्ये १९९६ च्या मतदानाने कुत्र्यांनिशी बॉबकॅटची शिकार बंद झाली. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून कुत्री बंद केली आणि २०२० पासून बॉबकॅटची शिकारच थांबवली. त्यामुळे सिएटल किंवा बे एरियातल्या मित्रांनी आपल्या गावी हे करून बघू नये. टेक्सस, जॉर्जिया वगैरे राज्यांत ही शिकार चालते, पण तिथलं रान वेगळं, कुत्री वेगळी, नियमही वेगळे.

आणि भारतात सुट्टीवर गेल्यावर साताऱ्याच्या उसात असला काही प्रयोग करायचा विचारही मनात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडच्या रानमांजरांची शिकार हा गुन्हा आहे, मग कुत्रं सोबत असो वा नसो.

आधी जनावर ओळखा

बॉबकॅट म्हणजे आखूड शेपटीचा रानबोका. वजन साधारण ६ ते १४ किलो, नर मादीपेक्षा थोराड. गालांवर कल्ले, अंगावर पुसट ठिपके, शेपूट जेमतेम वीतभर. शेपटीचं टोक वरून काळं आणि खालून पांढरं असतं. ही खूण पाठ करा, झाडाखाली उभं राहिल्यावर लागणार आहे.

खाणं मुख्यतः ससे आणि उंदीर. पण कोस्ट रेंजमध्ये त्याचं आणखी एक आवडतं भक्ष्य आहे, माउंटन बीव्हर. हा धड बीव्हरही नाही आणि डोंगरमाथ्यावर राहणाराही नाही. ओल्या उतारावर नेच्यांच्या जाळीखाली बिळं करून राहणारा, मांजराएवढा, गबाळा कुरतडणारा प्राणी. इथले लोक त्याला ‘बूमर’ म्हणतात. जिथे बूमरची ताजी बिळं, बिळांच्या तोंडाशी कुरतडून सुकायला टाकलेली नेच्याची पानं, तिथे बोका आठवड्यातून एखादी फेरी मारतोच असं धरून चाला. ससे शोधायचे तर लाकूडतोड होऊन काही वर्षं झालेले आणि डग्लस फरच्या नव्या झाडांनी गच्च भरलेले तुकडे बघा. तिथे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी असते आणि तिच्यातून माणसाला सरपटावं लागतं. बोका मात्र आरामात फिरतो.

ठसा ओळखणं सोपं आहे. गोलसर, साधारण ५ सेंटिमीटर रुंद, चार बोटं, नखं उमटत नाहीत. कायोटीचा, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा, ठसा लांबट असतो आणि पुढे नखांचे ठिपके दिसतात. रॅकूनचा पाच बोटांचा, तान्ह्या बाळाच्या हातासारखा. प्यूमाचा, म्हणजे इथल्या मोठ्या, लांब शेपटीच्या रानमांजराचा, ठसा बॉबकॅटसारखाच दिसतो पण जवळजवळ दुप्पट मोठा, आणि तो दिसला तर तिथे कुत्री सोडायचीच नाहीत. का ते पुढे येईलच.

कागदपत्रं: हे आवडो न आवडो, आधी करा

ओरेगॉनच्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे शस्त्राने किंवा एखाद्या प्राण्याच्या मदतीने वन्यजीव पकडणं किंवा तसा प्रयत्न करणं. म्हणजे बंदूक घरी ठेवली, नुसती कुत्री घेऊन गेलात, तरी ती शिकारच. परवाना हवा. हरणासाठी काढलेला साधा परवाना इथे पुरत नाही. बॉबकॅट ‘फरबेअरर’ म्हणजे केसाळ कातडीच्या प्राण्यांच्या गटात मोडतो, त्याचा परवाना वेगळा असतो आणि बॉबकॅटसाठी नोंदीचं एक कार्डही आधीच घ्यावं लागतं. हे सगळं राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याकडून ऑनलाइन मिळतं. हंगाम हिवाळ्याचा. नेमक्या तारखा, आणि राज्याच्या पूर्व व पश्चिम भागांतल्या वेगवेगळ्या मर्यादा, त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतूनच घ्या. मित्राने गेल्या वर्षी काय केलं त्यावर विसंबू नका.

आता आपल्या लोकांसाठी खास मुद्दा. तुम्ही एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. ‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ मालकी एवढाच नाही, मित्राची रायफल हातात धरून चालणंही त्यात येऊ शकतं. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर आधी वकिलाशी बोला, तोवर बंदुकीला हात लावू नका. नाही तरी पहिल्या हंगामात तिची गरज नाही.

रात्रीच्या उजेडाचा नियम असा: बॉबकॅटसाठी कृत्रिम प्रकाश चालतो, पण तो वाहनातून टाकलेला किंवा वाहनावर बसवलेला नसावा. डोक्यावरचा दिवा ठीक. गाडीच्या छतावरचा झगझगीत दिवा रानात फिरवणं बेकायदा. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं हाही गुन्हा.

आणि सगळ्यात मोठा नियम. १९९४ च्या मेझर १८ या मतदानाने ओरेगॉनमध्ये अस्वल आणि प्यूमा यांच्यामागे कुत्री लावायला बंदी आली. बॉबकॅटला ती लागू नाही. पण कोस्ट रेंजमध्ये अस्वलं आणि प्यूमे भरपूर. म्हणजे तुमच्या कुत्र्याने अस्वलाचा वास सोडून द्यायला शिकलेलं असलं पाहिजे, हरणाचा आणि एल्कचाही. जो कुत्रा हरणामागे पळतो तो इथे कुणालाच नको असतो.

जमिनीचंही बघा. टिलामूकचं सरकारी जंगल शिकारीला खुलं आहे. १९३३ सालच्या प्रचंड वणव्यात, आणि मग १९३९, १९४५, १९५१ मध्ये पुन्हा पुन्हा, हा सगळा भाग जळून गेला होता. नंतर शाळेतल्या मुलांपासून तुरुंगातल्या कैद्यांपर्यंत अनेकांनी मिळून तो पुन्हा लावला. साडेतीन लाख एकरांच्या वर आज तिथे फरचं रान आहे. पण त्याच्या कडेकडेने लाकूड कंपन्यांची खासगी जंगलं सुरू होतात आणि नकाशा बघितल्याशिवाय सीमा कळत नाही. त्यांतली काही फक्त दिवसा खुली असतात, काहींना पैसे भरून परवाना लागतो. कुत्र्याला सीमा कळत नाही, त्यामुळे कुत्री सोडायच्या आधी वाऱ्याची दिशा बघता तशी जमिनीची मालकीही बघा.

सोबत कुणाची

एकट्याने सुरुवात करायची ही शिकार नव्हे. जाणकार हाउंडवाला शोधा, म्हणजे वासाने माग काढणारी शिकारी कुत्री (हाउंड) पाळणारा माणूस. तो बहुधा निवृत्त लॉगर (लाकूडतोड्या) असेल, गाडी चिखलाने माखलेली, मागे लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा कुत्र्यांचा खोका. अशी माणसं इंटरनेटवर सापडत नाहीत. पशुखाद्याच्या दुकानात, पशुवैद्याकडे किंवा कूनहाउंडच्या, म्हणजे रॅकूनमागे जाणाऱ्या हाउंडच्या, स्पर्धांना सापडतात. ओळख झाली की लगेच ‘मला घेऊन चला’ म्हणू नका. आधी दिवसा कुत्र्यांना खायला घालायला, खोके धुवायला मदत करा. रात्री नेतील.

पाहुण्याचे काही रिवाज आहेत. पेट्रोलचे अर्धे पैसे द्या, मागायची वाट बघू नका. उघडं असलेलं फाटक उघडं ठेवा, बंद असलेलं बंद करा. त्यांच्या कुत्र्याला आपण होऊन हुकूम देऊ नका. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यांचा पाठलाग चालू असेल तर आपली कुत्री त्यात सोडायची नाहीत. आणि ते कुठल्या ओढ्याला गेले होते हे चारचौघांत सांगायचं नाही. शेवटचा नियम मोडणाऱ्याला पुन्हा बोलावणं येत नाही. खाण्याचं मात्र तुमच्याकडून चालतं. धपाटे गार झाले तरी रात्री दोन वाजता उत्तम लागतात, आणि ते आवडले नाहीत असा हाउंडवाला मला अजून भेटायचाय.

कुत्री

आपल्याकडचं कारवान कुत्रं डोळ्याने शिकार करतं. मोकळ्या माळावर ससा दिसला की तीरासारखं सुटतं. हाउंड नाकाने जातो. समोर काही दिसत नसतं, तासाभरापूर्वी बोका जिथून गेला तिथला वास तो वाचत जातो, आणि वाचताना मोठ्याने ओरडत जातो. त्याचं ओरडणं हीच माणसाला मिळणारी बातमी.

जाती मुख्यतः सहा: ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, ब्लॅक अँड टॅन, इंग्लिश आणि प्लॉट. कोणती जात चांगली यावर हाउंडवाल्यांची भांडणं अखंड चालू असतात. माझं मत असं की जातीपेक्षा नाक आणि स्वभाव बघावा. काही कुत्र्यांना तासन् तास जुना, गार पडलेला माग लागतो, पण ती सावकाश जातात. काही ताज्या मागावरच जोर धरतात आणि वाऱ्यासारखी धावतात. चांगल्या टोळीत दोन्ही लागतात. एक म्हातारी, गंभीर ब्लूटिक माग शोधून द्यायला, आणि दोन तरुण वॉकर तो पळवायला, एवढं पुष्कळ झालं. सात-आठ कुत्री नेणाऱ्यांची मला गंमत वाटते. रात्रभर त्यांना गोळा करण्यातच जातं.

बॉबकॅटचा माग हा सगळ्यांत कठीण समजला जातो. रॅकूनचा वास दाट, तो बहुतेक सरळ झाडाकडे जातो. बोका हलका, त्याचा वास पातळ. तो पडलेल्या ओंडक्यावरून चालतो, रस्ता ओलांडून परत त्याच जागी येतो, दाट फरच्या रोपांत लहान-लहान वर्तुळं काढतो. अनुभवी कुत्रं माग तुटला की थांबतं, मागे येतं, गोल फिरून पुन्हा पकडतं. अननुभवी कुत्रं तुटल्यावरही ओरडत पुढे धावतं, आणि टोळीला घेऊन भलतीकडे जातं.

सामान

अंगावर सुती काही नको. हिवाळ्यात कोस्ट रेंजमध्ये तापमान शून्याच्या थोडंच वर असतं आणि पाऊस रात्रभर. भिजलेली जीन्स घालून ओढ्यात अडकलेला माणूस गारठून मरू शकतो. लोकरीचे थर आणि वर जाड रबरी रेनकोट. पातळ ट्रेकिंगचं जॅकेट ब्लॅकबेरीत दहा मिनिटांत फाटतं. पायात लॉगर घालतात ते खिळ्यांचे बूट घाला, ज्यांना इथे ‘कॉर्क’ म्हणतात. ओल्या ओंडक्यावर साधा बूट टिकत नाही. हे बूट गाडीत आणि कुणाच्या घरात घालून जायचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

डोक्यावर दिवा, कमरेला बॅटरी, खिशात दुसरा दिवा. प्रत्येक कुत्र्यामागे एक मजबूत पट्टा. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस गळपट्टे आणि हातात त्याचा पडदा. गार्मिनचे गळपट्टे बहुतेकांकडे असतात. कुत्रा धावतोय, बसलाय की झाडाशी मान वर करून भुंकतोय, हे पडद्यावर चिन्हाने दिसतं. दरीत मात्र सिग्नल तुटतो, म्हणून धारेवर चढून पुन्हा बघावं लागतं. फोनला रेंज नसते, उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्या, आणि घरी कुठल्या रस्त्याने जाताय हे लिहून ठेवा.

कुत्र्यांसाठी: पाणी, जखमा धुवायला सलाइन, चिकटपट्टीचं बँडेज, आणि तार कापायचा मोठा अडकित्ता. शेवटची वस्तू विसरू नका. फासे-सापळे लावणाऱ्यांचाही हंगाम याच दिवसांत असतो. कुत्रं तारेच्या फासात अडकलं तर तार कापावी लागते. मानेला बसणारा चौकोनी सापळा असेल तर हाताने दाबून उघडत नाही. पट्टा स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून दोनदा ओवायचा, त्याच्या फासात पाय अडकवायचा आणि दोन्ही हातांनी वर ओढायचं. स्प्रिंग दबली की खिटी लावायची, मग दुसरी बाजू. घरी रिकाम्या सापळ्यावर हा सराव करून जा. कुत्रं गुदमरत असताना सूचना आठवत बसायला वेळ नसतो.

कुठली रात्र चांगली

ओली, गार, वारा नसलेली. पाऊस नुकताच थांबलाय, झाडांवरून थेंब पडतायत, जमीन भिजलेली आहे, अशी रात्र मिळाली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका. मुसळधार पावसात माग धुऊन जातो. पूर्वेचा वारा असला तर घरीच झोपा. तो वाळवंटी भागातून येतो, हवा कोरडी करतो आणि वास उडवतो.

आणखी एक गोष्ट, जी मला कळायला वेळ लागला. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओढ्याकडे वाहते, आणि वासही तिच्याबरोबर खाली येतो. म्हणजे कुत्र्याला रस्त्यावर वास लागला तरी बोका वरच्या धारेवरून गेलेला असू शकतो. सूर्य चढला की उलटं होतं. म्हणून माझ्या ओळखीचे हाउंडवाले रात्री मधल्या उंचीच्या रस्त्यांवरून फिरतात, खालच्या रस्त्यावरून नाही.

उंच भागात ताजं बर्फ पडलं असेल तर ती वेगळीच मजा. बर्फ किती वाजता थांबलं ते माहीत असलं की ठसा किती ताजा आहे ते पक्कं कळतं.

माग लागेपर्यंत

बहुतेक रात्र यातच जाते. दोन-तीन अनुभवी कुत्री खोक्याच्या वर आखूड साखळीने बांधतात, गाडी माणूस जेमतेम पळेल इतक्या वेगाने लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून जाते. हीटर बंद, काचा खाली. गप्पा नाहीत. रेडिओ तर नाहीच. कुत्री नाक वर करून उभी असतात. मग एखादी जण मान फिरवते, अंग ताठ करते आणि एकदाच भुंकते. गाडी थांबवायची, इंजिन बंद. आणखी एकदा भुंकली, पुन्हा त्याच दिशेला, म्हणजे काहीतरी आहे.

इथे नवीन माणूस सगळी कुत्री सोडून मोकळा होतो. तसं करू नका. आधी एकच, सगळ्यात भरवशाची कुत्री पट्ट्याने खाली घ्यायची. रस्त्याच्या कडेच्या चरात, ओल्या चिखलात दिवा तिरका धरून बघायचं. दिवा सरळ वरून मारला तर ठसा दिसत नाही, तिरका धरला की कडांना सावली पडते. आमच्यासोबतचा म्हातारा गुडघ्यावर बसतो, नेच्याचं पान एका बोटाने वर करतो आणि पानाखाली पाऊस न लागलेल्या चिखलात बघतो. वरचे सगळे ठसे धुतले गेलेले असतात, तिथला राहतो. दोन गोष्टी बघायच्या: जनावर कुठलं आणि तोंड कुठल्या दिशेला. कुत्री कधीकधी माग उलटा धरतात, बोका जिकडून आला तिकडे जातात, आणि मग रात्र संपते. ठसा प्यूमाचा निघाला तर कुत्री परत खोक्यात, गाडी चालू, दुसरा डोंगर.

सगळं जुळलं तर मग सोडायची, एकामागून एक, ओरडत ओढणारी आधी नाही, शांत असेल ती आधी.

आता ऐका

गाडीपासून थोडं दूर चालत जा. गाडीचं इंजिन गार होताना टकटक करतं आणि तेवढ्याने लांबचा आवाज हरवतो. टोपी कानावरून वर करा.

सुरुवातीला एखादीच भुंक, मग बराच वेळ काही नाही. माग गार आहे. हळूहळू लांब हेल काढलेली ओरड येते, मधली अंतरं कमी होत जातात. भजनात एकाने चाल धरावी आणि मागच्यांनी ती उचलावी तसं दुसरं कुत्रं त्यात शिरतं, मग तिसरं. एकदम सगळ्यांचा सूर चढला, वेग वाढला, की बोका उठला. तो आता पुढे पळतोय, वास ताजा आहे.

मग अचानक शांतता. नवीन माणसाला वाटतं, संपलं. बहुतेक वेळा माग तुटलेला असतो. बोक्याने ओंडका किंवा ओढा वापरला असेल. या वेळी हाका मारू नका, गाडी चालू करू नका, कुत्र्यांकडे धावत जाऊ नका. त्यांना काम करू द्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडद्यावर गळपट्टे गोल फिरताना दिसतील.

झाडाशी पोचल्यावर आवाज बदलतो. एक-दोन लांब ओरडी, आणि मग त्याच जागेवरून तुटक, भराभर, न थांबता भुंकणं. एकदा कानाने ओळखलं की पडद्याकडे बघायची गरज राहत नाही. पण प्रत्येक वेळी झाड असतंच असं नाही. कोस्ट रेंजचे बोके ओंडक्यांच्या ढिगात किंवा खडकांच्या कपारीत बसून तोंड देतात. तेव्हाही कुत्री एका जागी भुंकतात, पण आवाज पुढे-मागे होतो. असं असेल तर लवकर पोचा. नखांनी कुत्र्याचा डोळा जाऊ शकतो. कपारीत हात घालू नका, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

किती वेळ लागेल याला काही ताळ नाही. वीस मिनिटांत झाड सापडतं, किंवा पहाटेपर्यंत गोल-गोल. बऱ्याच रात्री बोका जिंकतो.

झाडाखाली

पहिलं काम, सगळी कुत्री पट्ट्याने बांधणं, झाडापासून लांब. काहीही करायच्या आधी हे. मग दिवा वर. फरचं झाड उंच आणि फांद्या दाट, त्यामुळे डोळे चमकलेले दिसले तरी अंग दिसत नाही. झाडाभोवती हळू फिरा. शेपूट बघा. लांब शेपूट म्हणजे प्यूमा. कुत्री तशीच बांधून लगेच निघा. प्यूमाच्या पिल्लालाही ठिपके असतात, त्यामुळे ठिपक्यांवर भरवसा ठेवू नका. काळं टोक चहूबाजूंनी असलेली आखूड शेपूट आणि अवजड पंजे दिसले तर तो कॅनडा लिंक्स असू शकतो. तो इकडे फार दुर्मीळ, आणि कायद्याने संरक्षित. गळ्यात पट्टा असलेलं कुणाचं तरी पाळीव मांजरही झाडावर सापडू शकतं. हसू नका, जंगलाच्या कडेला वस्ती असते.

माझा शिरस्ता फोटो काढून निघायचा. कुत्र्यांची पाठ थोपटायची, त्यांना झाडाकडे एकदा बघू द्यायचं आणि पट्ट्यानेच चारशे-पाचशे पावलं दूर न्यायचं. पट्टा लगेच सोडला तर ती परत झाडाकडेच धावतात. सोबतच्यांना मारायचा असेल तर कुत्री बांधलेली, मागे सुरक्षित उतार आणि लहान टू-टू रायफलची एकच नेमकी गोळी, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत. जखमी बोका बांधलेल्या कुत्र्यांत पडला तर काय होतं ते बघण्यासारखं नसतं. दोन जोड्या डोळे दिसले तर मादी आणि तिचं वाढतं पिल्लू असण्याची शक्यता मोठी. मग बंदूक खाली, यावर तरी वाद नको.

कातडीसाठी कुणी येत असेल तर त्याला आधीच सांगा: कोस्ट रेंजच्या बोक्याची कातडी गडद आणि आखूड केसांची, तिला भाव कमी. भाव मिळतो तो पूर्वेकडच्या कोरड्या उंच प्रदेशातल्या फिकट, पांढऱ्या ठिपकेदार पोटाच्या बोक्यांना. मारलेला बोका मुदतीत खात्याकडे नोंदवून त्यावर टॅग लावून घ्यावा लागतो, वय ठरवण्यासाठी दातही द्यावा लागतो. बॉबकॅट सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परवान्याशिवाय कातडी देशाबाहेर नेता येत नाही. पुण्याच्या दिवाणखान्यात लावायला सामानात टाकून नेणार असाल तर दोन्हीकडच्या विमानतळांवर अडकाल.

परतताना आणि नंतर

पहाटे तीन-चारपासून लाकडाचे ट्रक या रस्त्यांवर येतात. रस्ता एका गाडीपुरता, ट्रकला थांबायला वेळ लागतो. रस्त्याच्या फाट्यावर सीबी रेडिओचा (गाड्यांनी आपसात बोलायच्या रेडिओचा) चॅनेल लिहिलेला असतो, तो लावा आणि मैलाचा आकडा सांगत चला. कुत्री कधीच रस्त्यावर मोकळी सोडू नका.

घरी पोचलात की आधी कुत्री, मग तुमची अंघोळ. पंजे, कान, डोळे बघा. ब्लॅकबेरीचा काटा पापणीत मोडलेला असतो आणि सकाळपर्यंत डोळा बंद होतो. आणि या भागातला सगळ्यात घातक प्रकार लक्षात ठेवा: कच्चा सॅमन. हिवाळ्यात ओढ्यांच्या काठी अंडी घालून मेलेले सॅमन पडलेले असतात आणि भुकेलं कुत्रं ते खातं. त्या माशातल्या पर्णकृमीतून एक जिवाणू कुत्र्याच्या अंगात जातो. साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब, मानेखाली गाठी. उपचार केला नाही तर बहुतेक कुत्री दगावतात, वेळेत डॉक्सिसायक्लीनसारखं औषध मिळालं तर वाचतात. म्हणून शिकारीनंतर दहा-बारा दिवस कुत्र्याने जेवण टाकलं तर वाट बघू नका. पशुवैद्याला पहिल्याच वाक्यात सांगा की कुत्रं ओढ्यावर गेलं होतं.

स्वतःचं कुत्रं घेण्याबद्दल

एक हंगाम पाहुणा म्हणून काढल्यावर बहुतेकांना पिल्लू घ्यावंसं वाटतं. पिल्लू घेऊ नका. पिल्लू शिकतं ते जाणत्या कुत्र्याकडून, तुमच्याकडून नव्हे, आणि तुमच्याकडे जाणतं कुत्रं नाही. पाच-सहा वर्षांची, हरणाकडे ढुंकून न बघणारी, थोडी मंदावलेली कुत्री मिळाली तर घ्या. महाग पडेल, पण पुढची पिल्लं तीच तयार करेल. घ्यायच्या आधी दोन रात्री तिच्यासोबत जा, एक ओली आणि एक कोरडी. विकणारा कोरड्या रात्री नेत नसेल तर का ते विचारा.

आणि त्याआधी घराच्या सोसायटीचे नियम वाचा. हाउंडचा आवाज दोन डोंगर ओलांडून ऐकू यावा म्हणूनच त्याची पैदास झालेली आहे, आणि हिल्सबरोच्या चिकटून असलेल्या घरांमध्ये तो रात्री तीन वाजता मागच्या अंगणात आलेल्या पोसमला पाहून तेवढ्याच मोठ्याने ओरडतो. बरेच जण म्हणून कुत्रं गावाबाहेर, ओळखीच्या हाउंडवाल्याच्या केनेलमध्ये ठेवतात, महिन्याचा खर्च देतात आणि शनिवारी खायला घालायला जातात.